थोड्या म्हणजे किती?

डब्लिन, ओहायो
२७ एप्रिल २०२५

शोभनाकाकू,

वाकून नमस्कार. खरंच वाकले, केया बघून हसतेय.

तुम्ही फोन उचलत नाही. मेसेजवर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे शुकशुकाट. सत्यजितला फोन केला तर तो म्हणतो, "आई बागेत आहे." काकू, बॉथेलचं, सत्यजितच्या गावचं, हवामान मी रोज बघते. पाऊस पडत असतो तिकडे. एवढ्या पावसात बागेत काय करता हो तुम्ही? म्हणून आता कागदावर लिहितेय. वाचलंत की नाही ते मला कळणार नाही, तेवढीच तुम्हाला मोकळीक.

पाडव्याचा कार्यक्रम झाला आणि चौथ्या दिवशी तुम्ही लेकाकडे निघून गेलात, हे मला आपल्या मराठी मंडळातल्या राजीवकडून कळलं. अठरा वर्षं मंडळाच्या पुरणपोळ्यांचं स्वयंपाकघर सांभाळणारी बाई, घराला कुलूप लावून जाते आणि मला साधं "येते गं" सुद्धा नाही? मी रागावलेय तुमच्यावर. हो, मीसुद्धा रागावू शकते.

एवढं काय केलं मी? माझी नोकरीच ती आहे ना! ऑपरेशनच्या अवजारांचे ट्रे भरतात त्या आमच्या कारखान्यात मी लीनचं काम करते, म्हणजे कामातला फापटपसारा शोधायचा आणि काढायचा. कोण उगाच चालतंय, कुठे माल पडून राहतोय, कोण कशाची वाट बघत बसलंय. तेच मी चर्चच्या त्या भाड्याच्या स्वयंपाकघरात केलं. टेबलं हलवली, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या लावल्या, भिंतीवर तक्ता लावला. आणि बदल करायच्या आधी मी सगळ्यांना कळवलं होतं. पोळ्या थोड्या फुटल्या, मान्य. पहिल्यांदा नवीन काही करताना तेवढं होतंच.

तक्त्यावरची लाल चिठ्ठी तुम्हाला उद्देशून नव्हती. ती आपली सर्वसाधारण होती.

तुमच्या खुर्चीवरची निळी उशी माझ्याकडे आहे. धुवून ठेवलीय. केया तिच्यावर बसून होमवर्क करते आणि मी ओरडले की म्हणते, "आजी वुडंट माइंड." ती तुम्हाला आजीच म्हणणार, मी कितीही काकू म्हटलं तरी.

तुमचीच (तुम्ही नाही म्हणालात तरी),
शरयू


डब्लिन
८ जून २०२५

काकू, काकू, काकू!

पत्र आलं! म्हणजे माझंच पत्र परत आलं, पण लाल पेनाने तपासून! मी पोस्टाच्या पेटीपाशी उभी राहून एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. केयाने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "मॉम, यू गॉट ग्रेडेड!"

पूर्ण पत्रात तुम्ही एकच शब्द अधोरेखित केलात. "थोड्या". आणि समासात लिहिलंत, "थोड्या म्हणजे किती?"

सांगलीच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंपुढे मी "थोड्या" लिहिते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

एकशे बहात्तर, काकू. चारशेपैकी एकशे बहात्तर फुटल्या. तुम्हाला माहीतच होतं, तुम्ही समोर बसला होतात. तव्यावर पुरण सांडून करपत होतं, धुराचा भोंगा दोनदा वाजला, आणि शेवटी राजीवने वाट्या मागवल्या. पुरण वाटीत आणि पोळी ताटात, असं वाढलं लोकांना. कोणीतरी विचारलं, "हा नागपुरी प्रकार आहे का?" मी नागपूरची, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडची पोळी जाड असते, पण तिच्या पोटात पुरण असतं हो बाप्पा!

आता का फुटल्या ते लिहिते. हे मी मंडळाला अजून सांगितलेलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी मी फोन फडताळावर ठेवून तुमच्या स्वयंपाकघराचं चार तास चित्रीकरण केलं होतं. मग घरी बसून प्रत्येक माणसाची मिनिटं मोजली. तुम्ही त्या खुर्चीवर बसलेल्या. चार तासांत नऊच वेळा उठलात. मी तुमच्या नावापुढे लिहिलं, "वाट पाहणे". आमच्या धंद्यात वाट पाहणं हे मोठं पाप समजतात.

परवा ते चित्रीकरण पुन्हा पाहिलं. या वेळी आवाज चालू ठेवून. पहिल्यांदा मी तो बंद ठेवला होता, काकू! तुम्ही उठत नव्हतात, पण बोलत होतात. "थांबा, कणीक अजून तिंबा." "तवा तापलाय, गॅस कमी करा." "ऋषी, बस आता, तुझं लाटणं वाजायला लागलं." लाटण्याच्या आवाजावरून तुम्हाला कळतं पोरगं दमलंय ते! एकतीस वेळा "थांबा" म्हणालात. आणि लोक थांबले.

आमच्या कारखान्यात लाइनीवर एक दोरी असते. काही बिघडतंय असं वाटलं की कोणीही ती ओढायची, सगळं काम थांबतं, बिघाड शोधतात, मग पुढे. ती दोरी आहे म्हणून आमच्याकडचे ट्रे बिनचूक जातात. ही गोष्ट मी नवीन आलेल्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवते. आणि मंडळाच्या स्वयंपाकघरातली दोरी मीच कापली.

पिवळ्या पट्ट्याही निघत नव्हत्या. आम्ही नवरा-बायकोने, मी आणि नकुलने, दोन शनिवार गुडघ्यांवर बसून खरवडल्या. पाद्रीबाबांनी लिंबूपाणी दिलं आणि काही बोलले नाहीत. नकुल मात्र अजून बोलतोय.

पुन्हा लाल पेन उचला. विनंती आहे.

शरयू


डब्लिन
१४ सप्टेंबर २०२५

काकू,

पाच वेळा कागद फाडला. हे सहावं.

तुम्ही ते पहिलंच पत्र पुन्हा पाठवलंत, या वेळी त्याची झेरॉक्स. पहिल्यांदा परत पाठवायच्या आधीच काढून ठेवली होतीत म्हणजे! आणि "थोड्या"च्या आधीच्या वाक्याखाली रेघ. "सगळ्यांना कळवलं होतं." समासात, "सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

आमच्याकडे चूक सापडली की "का" असं पाच वेळा विचारायचं असतं. तुम्ही दोन प्रश्नांतच मला भिंतीला टेकवलंत.

सगळ्यांना म्हणजे कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला. त्यात माझ्याशिवाय सात माणसं. अकरा पानांचं प्रेझेंटेशन टाकलं होतं, रंगीत. सहा जणांनी अंगठा दाखवला, एकाने चुकून वाढदिवसाचा केक पाठवला. त्या सातांतला एकही पोळी लाटत नाही. लाटणारे, भाजणारे, कणीक तिंबणारे चौदा जण वेगळे. त्यांना पाडव्याच्या सकाळी सात वाजता भिंतीवर कळलं.

आणि तुम्हालाही.

खरं लिहायचं तर तुम्हाला मी मुद्दामच आधी दाखवलं नाही. तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं. झालं की बघतील आणि खूश होतील, असा माझा आगाऊ हिशेब. ती लाल चिठ्ठीही तुमचीच होती. मीच लिहिली. "अनावश्यक प्रतीक्षा – १ व्यक्ती". खाली खुर्चीचं चित्र काढलं होतं, त्यावर उशीसुद्धा. तशी खुर्ची त्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कोणाची आहे?

तुम्ही दारातून आलात, हातात तुपाचा डबा. तक्ता वाचलात, वरपासून खालपर्यंत, पेपर तपासल्यासारखा. "बरं," म्हणालात. एप्रन काढून घडी घातलीत आणि बाहेर जाऊन पाहुण्यांच्यात बसलात. मी वाटच बघत होते की तुम्ही परत येऊन माझा कान धराल. तुम्ही जेवायला बसलात, वाटीतलं पुरण चमच्याने खाल्लंत आणि मला म्हणालात, "छान झालंय."

काकू, तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आवडीने खाल्ल्या असत्या. ते "छान झालंय" अजून घशात अडकलंय. मी चुकले. तुमचा अपमान केला, चौदा लोकांच्या देखत केला, आणि वर पाच महिने ती चिठ्ठी सर्वसाधारण होती म्हणत राहिले. मला माफ करा.

आता एक हसण्यासारखं. मागच्या महिन्यात कारखान्यात एक लाइन बदलायची होती. डार्लीन म्हणून एक बाई आहे, सत्तावीस वर्षं ट्रे भरतेय. मी काहीही मांडायच्या आधी वही घेऊन तिच्याशेजारी स्टूल टाकून बसले आणि विचारलं, "तुझ्या कामात नको असलेलं काय आहे?" ती हातातला ट्रे खाली ठेवून म्हणाली, "पट्ट्या चिकटवायच्या आधी विचारायला आलेली तू पहिलीच." मग दीड तास बोलली! तिने सांगितलेल्या चार गोष्टींनी काम झालं, माझा तक्ता उघडावाच लागला नाही. साहेबांनी मला शाबासकी दिली. मी म्हटलं, सांगलीच्या बाईंना द्या.

एक ऐकलं ते खरं का? सत्यजित नकुलला म्हणाला की इथलं घर वसंतात विकायला काढणार. मी त्यावर काही लिहीत नाही. लिहायचा मला हक्क नाही. पण मागच्या दाराशी तुमचा कढीपत्ता कुंडीत वाळत होता, तो मी घरी आणलाय. चोरी म्हणा हवं तर. त्याला नवीन पानं फुटलीत.

शरयू


डब्लिन
१८ जानेवारी २०२६

शोभनाकाकू,

तिळगूळ घ्या. पुडी वेगळी पाठवलीय. वड्या मी केल्यात, म्हणून दातांची काळजी घ्या.

तुमचं तिसरं लाल वाक्य नाताळच्या सुट्टीत आलं. या वेळी माझं पत्र नाही, कोरा कागद, आणि मधोमध, "हे सगळं कशासाठी केलंस?"

याचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि नेमकं तेच मी कोणाला सांगितलं नव्हतं. अकरा पानांत ते नव्हतं.

केया झाली तेव्हा आम्हाला या देशात येऊन सात महिने झाले होते. व्हिसा नाकारला म्हणून माझी आई येऊ शकली नाही. तुम्ही ओळखीच्याही नव्हता. मंडळात कोणीतरी सांगितलं म्हणून डिंकाचे लाडू घेऊन आलात आणि चाळीस दिवस रोज आलात, बर्फातसुद्धा. मला ताटावर बसवायचात आणि म्हणायचात, "बाळंतिणीने गरम खायचं."

आणि काकू, अठरा वर्षांत तुम्ही स्वतः पाडव्याची गरम पोळी एकदाही खाल्ली नाही. अडीचशे लोक जेवून जायचे, मग तुम्ही स्वयंपाकघरात उभ्याउभ्या एक गार पोळी दुधात कुस्करून खायचात. मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी मिनिटं मोजायला बसले. काम तासभर आधी आटपलं तर तुम्हाला पहिल्या पंगतीत बसवायचं, तव्यावरची पोळी, वर तुपाची धार, एवढंच मनात होतं. खुर्चीतून उठवायचं होतं ते जेवायला बसवण्यासाठी.

आणि झालं काय? पहिल्या पंगतीत तुम्ही बसलात खऱ्या, पण चमच्याने पुरण खात.

हे एक वाक्य मी आधी तुमच्याजवळ बोलले असते तर? तुम्ही म्हणाला असतात, "वेडी आहेस," आणि मग दोघींनी मिळून काहीतरी काढलं असतं.

असो. आता रडणं पुरे, खबर ऐका. मी घरोघर फिरले. चौदाच्या चौदा. कामात बदल करायचा तर त्यात ज्यांचा हात आहे त्यांच्या दारात आधी जायचं, हे आता मला डार्लीनच्या स्टुलावर कळलंय. काय काय निघालं म्हणून सांगू!

राजीव म्हणतो, "यार शरयू, मला लाटताच येत नाही. सहा वर्षं काकूंनी मला तुपावर बसवलं, तुला काय वाटलं, मला तूप आवडतं? आणि तू सरळ मला लाटणं दिलंस." मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? "तू विचारलंस कुठे?"

अहिल्याकाकूंच्या मनगटात ऑपरेशन करून बसवलेली धातूची पट्टी आहे. दहा उंडे लाटून झाले की तुम्ही त्यांना "जरा वेलची सोलून द्या" म्हणायचात. वेलची आधीच सोललेली असायची, ते त्यांनाही माहीत होतं! माझ्या तक्त्यात त्यांना सलग दोन तास लाटणं होतं. आणि ऋषी, तो इथेच वाढलेला, कॉलेजात जातो, त्याला वाटलं नव्हतं काही बोलेल. म्हणाला, "काकू टोल्ड मी व्हेन टू रेस्ट. नोबडी एल्स डिड."

मग सगळ्यांना चहाला बोलावलं आणि भिंतीवर कोरा कागद लावला. पेन त्यांच्या हातात. अहिल्याकाकूंनी पहिली ओळ लिहिली, "खुर्ची ठेवा." त्याखाली भांडण सुरू झालं ते दोन तास चाललं. कटाची आमटी आदल्या दिवशी करायची हे ठरलं, तवे दोनाचे तीन करायचे ठरलं, पुरण कोणाच्या यंत्रात वाटायचं हे अजून ठरायचंय. तो कागद घडी करून सोबत पाठवतेय. समास मोठा सोडलाय.

पाडव्याचा कार्यक्रम बावीस मार्चला, रविवारी. या हो, काकू. पोळ्या फुटल्या तर फुटू देत, वाटीत वाढू. तुम्ही नसलात तर तो कागद कोणी तपासायचा?

शरयू

ता. क. केयाने खाली लिहिलंय ते तिने स्वतः मराठीत लिहिलंय. "आजी ये. उशी माझाकडे आहे." तपासू नका.


डब्लिन
२३ मार्च २०२६, सकाळ

काकू,

तुम्ही वरच्या खोलीत झोपला आहात, घोरताय, आणि मी खाली ओट्यापाशी उभी राहून तुम्हाला पत्र लिहितेय. सवय लागली हो. दाराखालून सरकवीन.

काल काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला लिहायचंय. शुक्रवारी विमानतळावर तुम्ही एक पेटी आणि एक पर्स घेऊन उतरलात. मला वाटलं आता बोलाल, रागवाल. तुम्ही पर्समधून आमचा कागद काढलात. समास पूर्ण लाल! "तीन तवे बरोबर. पुरण आदल्या दिवशी वाटू नका, आंबूस होतं. राजीव तुपावरच." आणि खाली गुण, दहापैकी साडेसात. मी तिथेच, सामानाच्या पट्ट्याशेजारी, तुमच्या गळ्यात पडले. लोक बघत होते. बघेनात.

काल खुर्चीवर उशी, उशीवर तुम्ही. अकरा वेळा "थांबा" म्हणालात. एकदा अहिल्याकाकू म्हणाल्या, एकदा ऋषी, आणि एकदा चक्क राजीव, तुपाच्या डब्यावरून. आधी कधी कोणी म्हटलं नव्हतं. तुम्ही तेव्हा जो चेहरा केलात, तो मी चित्रित करायला हवा होता.

चारशेत नऊ फुटल्या. थोड्या म्हणजे नऊ.

आणि मग मी एका हाताला, नकुल दुसऱ्या हाताला, तुम्हाला उचलूनच पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं. केयाने पोळी वाढली, मी तूप. पहिला घास घेतलात, डोळे मिटलेत, मी श्वास धरून उभी. आणि तिथून, तोंडात घास असताना, "थांबा! मधला तवा उतरवा, करपतोय!" धावत जाऊन बघितलं तर करपत होता. इतक्या लांबून, काकू!

परत आले तर तुम्ही पदराने डोळे पुसत होतात. "आमटी तिखट झालीय," म्हणालात. आमटी अजून वाढलेलीच नव्हती. मी शेजारी मांडी घालून बसले आणि तुमच्याच ताटातला तुकडा मोडला. तेवढी सुखी मी बऱ्याच दिवसांत झाले नव्हते.

घरी येऊन साडी बदलताना केया हसून लोळायला लागली. माझ्या पाठीवर, बरोबर पदरावर, लाल चिठ्ठी. तुमचं अक्षर. "अनावश्यक हालचाल – १ व्यक्ती." खाली पळणाऱ्या बाईचं चित्र, अंबाड्यासकट.

सकाळी साडेसहापासून मी ती लावून फिरत होते! अडीचशे लोकांना वाढलं! पाद्रीबाबांशी फोटो काढला! मी दिवाणखान्यात येऊन ओरडले, "कोणी मला सांगितलं कसं नाही?" तुम्ही सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होतात. डोळे न उघडता म्हणालात, "मी सगळ्यांना आधी कळवलं होतं."

ती चिठ्ठी फ्रिजवर लावलीय. आता ती तिथेच राहणार.

आणि आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, नकुल हातात पाना घेऊन बाहेर निघाला. कुठे म्हटलं, तर म्हणतो काकूंच्या घरी, हिवाळ्यात बंद केलेलं पाणी चालू करायला. त्यांना गुरुवारपासून तिथे राहायचंय. घर विकायचं नाही, हे त्यांनी सत्यजितला महिन्यापूर्वीच सांगितलंय. राजीवला माहीत आहे, अहिल्याकाकूंना माहीत आहे, केयालासुद्धा माहीत आहे! "त्या म्हणाल्या, शरयूला शेवटी कळू दे," असं म्हणून तो शीळ घालत गेला.

ठीक आहे, काकू. घ्या सूड. असला सूड मला रोज चालेल.

कढीपत्त्याची कुंडी दाराशी काढून ठेवलीय, जाताना न्या. चहा टाकलाय, आलं घातलंय. उठा आता, खाली या, गरम आहे तोवर.

शरयू